बावीस पॉइंट चार

ओरेस्ट ह्नातिउकने नाश्त्याआधी दंडाला पट्टा गुंडाळला आणि मशीनचं बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, पट्टा आवळला, सुटला, आणि पडद्यावर आकडा उमटला: बावीस पॉइंट चार. खाली तेरा पॉइंट एक. ओरेस्टने चष्मा शर्टाला पुसला आणि पुन्हा पाहिलं. काल याच वेळी तिथे एकशे अठ्ठावन्न होते.

"सोनिया," त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "माणूस मेल्यावर बीपी किती असतं?"

"शून्य असेल. का रे?"

"माझं जवळ आलंय."

सोनिया पिठाच्या हातांनीच बाहेर आली. तिने आकडा पाहिला आणि हात तसेच कपाळाला लावले.

"कालचे एकशे अठ्ठावन्न गेले कुठे?"

"मला काय माहीत. मी तर रात्रभर झोपलो होतो."

त्यांनी पुन्हा मोजलं. बावीस पॉइंट सहा. तिसऱ्यांदा मोजलं. बावीस पॉइंट तीन. बॅटरी नवीन होती. बिघडलेलं मशीन इतक्या इमानदारीने तीनदा तेच खोटं बोलत नाही, हे दोघांनाही पटलं. सोनियाच्या दंडाला लावून पाहावं, हे कोणी सुचवलं नाही. आकडा कळला की आजार सुरू होतो असं तिच्या आईचं म्हणणं होतं आणि त्या पट्ट्याच्या वाटेला ती कधी गेली नव्हती.

आता ओरेस्टचं आणि मापांचं काय नातं होतं ते सांगायलाच हवं. सरकारने मेट्रिक मापं आणली तेव्हा तो ऐन पंचविशीत होता, आणि त्या दिवसापासून त्याने सरकारशी जे वाकडं धरलं ते आजतागायत. सस्कॅचेवानमधल्या आमच्या झेलेना गावात रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरमध्ये आहेत. ओरेस्ट गाडी चालवताना त्यांचे मैल करतो आणि वळण चुकतो. पाऊस तो इंचात मोजतो, थंडी फॅरनहाइटमध्ये. बैठकीच्या भिंतीवर आजोबांचं हवेचा दाब सांगणारं पितळी घड्याळ आहे, तेही इंचात. रेडिओवर हवेचा दाब किलोपास्कलमध्ये सांगायला लागले की हा उठून रेडिओ बंद करतो. "बीपी तेवढं सरकारच्या तावडीतून सुटलंय," असं तो चारचौघांत सांगायचा. "माझ्या बापाच्या वेळी एकशे वीस म्हणजे एकशे वीसच होतं."

ते मशीन कॅलगरीच्या मुलीने पाठवलेलं. वसंतात गावच्या दवाखान्यातल्या लोरेन नर्सने ओरेस्टचं बीपी दीडशेच्या वर पाहिलं होतं आणि त्याला रोज मोजायला सांगून मीठ, कॉफी आणि लसणाचं सॉसेज तोडलं होतं. तो बिचारा मोजत होता. फक्त आदल्या दिवशी दुपारी त्याला मशीनच्या कोपऱ्यात 14:10 अशी वेळ दिसली आणि त्याचं डोकं सणकलं. दुपारच्या दोनला चौदा म्हणायला हे काय सैन्य आहे का, असं पुटपुटत त्याने बाजूचं बारीक बटण अंगठ्याने दाबून धरलं. मशीनने बरंच टुकटुक केलं, पडद्यावर बरंच काही आलं आणि गेलं, आणि शेवटी 2:10 दिसल्यावर त्याने अंगठा काढला. आणखी काय काय बदललं हे पाहायला तो थांबला नाही.

"ॲम्ब्युलन्स बोलावते," सोनिया म्हणाली.

"ॲम्ब्युलन्सला हात लावू नकोस. ते मला शहरात नेतील आणि महिनाभर सुया टोचतील. माझा शेवटचा तुकडा उभा आहे, सोनिया. एकशे साठ एकर गहू. आभाळ बघ. आधी तो कापतो, मग मरतो."

"बावीसमध्ये हार्वेस्टर चालवणार तू?"

"अंगात काही वाटत नाहीये गं."

"बावीस राहिलेत अंगात, वाटायला काय उरलंय," असं म्हणून सोनियाने हार्वेस्टरची किल्ली खुंटीवरून काढून ॲप्रनच्या खिशात टाकली, नवऱ्याला कोचावर आडवं केलं आणि त्याच्या पायांखाली तीन उश्या सारल्या. नंतर तिने दवाखान्यात फोन केला. लोरेन शेजारच्या गावांत फ्लूची इंजेक्शनं द्यायला गेली होती आणि त्या कच्च्या रस्त्यांवर फोन लागत नाही. सोनियाने निरोप ठेवला: "ओरेस्टचं बीपी बावीस झालंय, जमेल तेव्हा ये." मग तिने डार्लीनला फोन लावला.

हा फोन लावणं सोपं नव्हतं. डार्लीन म्हणजे वॉल्टर प्रोकोपचुकची बायको. त्यांचं शेत कुंपणापलीकडे, आणि वॉल्टर आणि ओरेस्ट तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण बांधाचं नाही, बायकांचं नाही, पैशाचंही नाही. भांडण गुणाकाराचं. तीन वर्षांपूर्वी ओरेस्टने गवत कापायचं की थांबायचं म्हणून वॉल्टरला विचारलं, कारण त्याच्या पितळी घड्याळाचा काटा त्याला शंकास्पद वाटत होता. वॉल्टर म्हणाला, रेडिओ शंभर किलोपास्कल सांगतोय, त्याला तीन दशांशाने गुणलं की झालं, तीस इंच, हवा कोरडी. ओरेस्टने गवत आडवं केलं. खरा हिशेब साडेएकोणतीस इंचांचा होता. तो अर्धा इंच आठवडाभर धो धो पडला आणि गवत जागच्या जागी कुजलं. तेव्हापासून ओरेस्ट वॉल्टरचं नाव घ्यायचा नाही, 'तो तीन दशांश' म्हणायचा.

पण डार्लीनच्या भावाला बीपी उतरून चक्कर यायची, तेव्हा औषध तिलाच माहीत असणार. "मीठ दे," डार्लीनने सांगितलं. "भरपूर. आणि कडक कॉफी. माझ्या भावाला दहा मिनिटांत उभं करतं."

सोनियाने काकडीच्या लोणच्याची बरणी काढली आणि खारं पाणी ग्लासभर ओतून दिलं. ओरेस्ट ते गटागटा प्यायला. मग कॉफी झाली, मग दुसरी कॉफी, मग लसणाचं सॉसेज बोटाएवढ्या तुकड्यांत. वसंतापासून ज्याच्यासाठी तो झुरत होता ते सगळं कोचावर आपणहून चालत आलं. मरण इतकं चवदार असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"मोज आता," सोनिया म्हणाली.

तेवीस पॉइंट एक.

"चढतंय," ती डोळे पुसत म्हणाली. "देवा, चढतंय रे. आणखी पी."

इकडे डार्लीन पेट्रोल पंपावर पोचली होती. पंपाच्या आत कोपऱ्यात एक लांब टेबल आहे आणि सकाळी गावातले सगळे शेतकरी तिथे कॉफी घेत बसतात. सरकार त्या टेबलावर रोज पडतं. डार्लीनने दारातूनच सांगितलं, "ओरेस्टचं बीपी बावीसवर आलंय." कोणीतरी कप खाली ठेवताना तो बशीबाहेर ठेवला. "बावीसवर माणूस जगतो?" एकाने विचारलं. "जगलाय अजून, पण गहू उभा आहे त्याचा," डार्लीन म्हणाली, आणि पुढे कोणाला काही सांगावं लागलं नाही. आमच्याकडे माणूस अंथरुणाला खिळला आणि त्याचं पीक उभं असलं, तर आपलं काम टाकून त्याचं पीक काढायचं. याला आमंत्रण लागत नाही आणि यातून सुटकाही नाही.

ओरेस्टने कोचावरून खिडकीबाहेर पाहिलं तेव्हा रस्त्यावर धुळीचा लोट येत होता. धुळीतून एक हार्वेस्टर निघाला. त्यामागे दुसरा. मग मोजणं सोडून दिलं. मागून ट्रक, आणि ट्रकांमागे बायकांच्या गाड्या, मांडीवर अंड्याच्या सँडविचचे डबे घेतलेल्या.

"सोनिया," तो म्हणाला, "अंड्याची सँडविचं आलीत."

अंड्याची सँडविचं आमच्याकडे कशाला करतात हे दोघांनाही माहीत होतं. दफनानंतर चर्चच्या तळघरात तीच असतात.

सर्वांत पुढचा हार्वेस्टर वॉल्टरचा होता. तो त्याने पुतण्याच्या ताब्यात दिला आणि स्वतः टोपी हातात घेऊन बैठकीत आला. पांढराफटक चेहरा. कोचाशेजारची खुर्ची ओढून तो बसला आणि बराच वेळ टोपीच फिरवत राहिला.

"तुझाही शेवटचा तुकडा उभा आहे ना?" ओरेस्ट तीन वर्षांनी पहिलं वाक्य बोलला.

"राहू दे त्याला. तुझा आधी." वॉल्टरने नाक ओढलं. "ओरेस्ट, तीन दशांश चूक होतं रे. मला त्याच आठवड्यात कळलं होतं. पण पंपावर सगळ्यांसमोर कसं म्हणणार. तुझं गवत माझ्या डोक्यावर आहे."

ओरेस्टला भडभडून आलं. इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते ऐकायला बावीसवर यावं लागलं. "जाऊ दे, वॉल्टर," तो म्हणाला. "गवतच ते. सॉसेज घे."

दोघं सॉसेज खात खिडकीतून हार्वेस्टर पाहत बसले. गहू खाली येत होता, ट्रक भरत होते, आणि ओरेस्टच्या छातीवरचा दगड उतरत होता. मशीनवर आता चोवीस आले होते. सोनियाने बरणीतलं उरलेलं पाणी गाळायला घेतलं.

दुपारी लोरेन आली तेव्हा तुकडा साफ झाला होता आणि अंगणात गाव उभं होतं. ती धावतच आत शिरली. निरोप ऐकल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. कोचावर लालबुंद चेहऱ्याचा ओरेस्ट सॉसेज चघळताना पाहून ती दारातच थांबली.

"बावीस कोणाचं?"

"माझं. पण चोवीसवर आणलंय हिने," ओरेस्ट कौतुकाने म्हणाला.

लोरेनने मशीन उचललं, डोळ्यांजवळ नेलं, कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली आणि हळूच खाली ठेवलं.

"हे किलोपास्कल आहेत."

त्या घरात हा शब्द पहिल्यांदाच पूर्ण उच्चारला गेला होता.

"माझ्या दंडावर?" ओरेस्ट म्हणाला.

"बाजूचं बटण दाबून धरलं की माप बदलतं. कोणी धरलं होतं?"

सोनियाने नवऱ्याकडे पाहिलं. "काल चौदाचे दोन कोण करत होतं?"

ओरेस्टने छताकडे पाहिलं. आयुष्यभर ज्याला दाराबाहेर उभं केलं त्याला त्याने स्वतःच्या अंगठ्याने आत घेतलं होतं.

"म्हणजे हा मरत नाहीये?" वॉल्टरने विचारलं.

"नाही."

"आणि मी माझा गहू सोडून याचा कापला. वर माफी मागितली." वॉल्टर उठून उभा राहिला. "ती मी परत घेतो."

"ती परत होत नाही," सोनिया म्हणाली. "सॉसेज खाल्लंस तू."

बातमी दारातून अंगणात गेली. बाहेर अर्धी सँडविचं हातात धरून माणसं उभी होती. खावीत की परत ठेवावीत, हे कोणाला कळेना. ओरेस्टने चादर नाकापर्यंत ओढून घेतली. उद्यापासून पंपावर तोंड कसं दाखवायचं, याचा विचार त्याला मरणाहून भारी पडला. बावीस होतं तेच बरं होतं, असं त्याला खरोखर वाटून गेलं.

"एवढ्यात घरी जाऊ नका," लोरेन म्हणाली. ती ओठ हलवत काहीतरी गुणत होती. "एका किलोपास्कलचे साडेसात होतात. चोवीस गुणिले साडेसात."

"साताने गुणलं की झालं," वॉल्टर सवयीने म्हणाला.

"साडेसातने. एकशे ऐंशी." तिने आपला पट्टा काढून ओरेस्टच्या दुसऱ्या दंडाला लावला आणि स्वतः मोजलं. एकशे ऐंशीच होते. "मशीनच्या आठवणीत सकाळचे बावीस पॉइंट चार आहेत, म्हणजे एकशे अडुसष्ट. मग हे वर कशाने गेलं?"

सोनिया गाळणी हातात घेऊन उभी होती. तिने बरणीकडे पाहिलं, कॉफीच्या किटलीकडे पाहिलं आणि सॉसेजच्या ताटलीवर फडकं टाकलं.

"मी," ती म्हणाली, आणि खुर्चीत बसली. "मीच त्याला ढकलत होते."

लोरेनने डॉक्टरला फोन केला, पिशवीतून गोळी काढून ओरेस्टला तिथल्या तिथे गिळायला लावली आणि रोज एक घ्यायची अशी तंबी दिली. वॉल्टरने दारातून बाहेर ओरडून सांगितलं, "एकशे ऐंशी. खराच आजारी आहे." अंगणाच्या जिवात जीव आला. आजारी माणसाचंच पीक काढलं होतं, गावाची इभ्रत राहिली होती. सँडविचं पुन्हा तोंडात गेली.

"एकशे ऐंशी म्हणजे तरी आपलं माप," ओरेस्ट चादरीतून म्हणाला. त्याला तेवढाच आधार.

"मिलिमीटर आहेत ते," लोरेन म्हणाली.

"काय?"

"पाऱ्याचे मिलिमीटर. बीपी पहिल्यापासून मिलिमीटरमध्येच मोजतात. तुझ्या वडिलांचंही."

बावीसचा धक्का ओरेस्टने उभ्या उभ्या पचवला होता. हा पचेना. बाप गेला तो मेट्रिकमध्ये गेला, आणि घरात कोणाला पत्ता नाही.

"इंचात किती होतं?" त्याने खोल आवाजात विचारलं.

"सात."

"सातात काय एवढं बिघडलं मग?"

"गोळी घे," सोनिया म्हणाली.

"घेतली ना आत्ता."

वॉल्टर टोपी घालून निघाला. राग त्याचा गेला होता, उरली होती ती दमणूक. "माझा तुकडा उद्या सकाळी काढतो," तो दारात म्हणाला. "रेडिओवर नव्व्याण्णव पॉइंट सहा सांगितलंय. म्हणजे तीस इंचांच्या आसपास. उद्या दुपारपर्यंत थेंब नाही."

ओरेस्ट कोचावर उठून बसला. समोर भिंतीवर पितळी काटा एकोणतीसच्या थोडा पुढे होता आणि सकाळपासून खाली सरकत होता.

"वॉल्टर, घड्याळ बघ."

"ते तुझ्या आजोबांबरोबरच अडकलंय. पंपावर सगळे हसतात त्याला."

गप्प बसला असता तर ओरेस्टचं काही जात नव्हतं. त्याचा गहू ट्रकांत होता. तीन वर्षांचं गवत एका पावसात फिटलं असतं, आणि दोष पुन्हा तीन दशांशाचाच ठरला असता. पण खिडकीतून त्याला आपलं मोकळं शेत दिसत होतं, आणि कुंपणापलीकडे वॉल्टरचा गहू उभा दिसत होता.

"तीन दशांशाने गुणू नकोस रे," तो म्हणाला. "किलोपास्कलला तीन पॉइंट चारने भाग."

सोनियाच्या हातातली गाळणी खाली पडली. नवऱ्याच्या तोंडी तो शब्द तिने पन्नास वर्षांत ऐकला नव्हता.

"तुला हे येतं?" वॉल्टरने विचारलं.

"शत्रूची भाषा माहीत असावी लागते. भाग."

वॉल्टरने पेन्सिल काढून सँडविचच्या डब्याच्या झाकणावर भागाकार मांडला. हळूहळू त्याचा चेहरा सकाळसारखाच पांढरा झाला. "एकोणतीस पॉइंट तीन."

"आणि उतरतंय. पाऊस आज संध्याकाळी आहे. खात काय बसलात सगळे? वॉल्टरचा गहू उभा आहे बाहेर." ओरेस्ट कोचावरूनच गरजला, आणि लोरेनने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत आडवं केलं. पण काम झालं होतं. दाढेखाली सँडविच धरून माणसं हार्वेस्टरवर चढली. सगळा ताफा कुंपणापलीकडे वळला, आणि शेवटच्या ट्रकवर ताडपत्री बांधत असताना पहिले थेंब पडले. ओरेस्टने ते खिडकीतून पाहिलं. हातात बिनमिठाचं सूप होतं आणि त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

लोरेन दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा मिलिमीटरवर आणायला आली, तेव्हा त्याने ते छातीशी धरलं.

"असू दे तसंच," तो म्हणाला. "एकशे साठ ऐकलं की छातीत धडधडतं. बावीस ऐकायला गरीब वाटतं."

पहिला बर्फ पडला तेव्हा ओरेस्ट पंपावरच्या टेबलाशी परत आला. वॉल्टरने शेजारची खुर्ची त्याच्यासाठी धरून ठेवली होती. सरकारला त्या दिवशीही शिव्या पडत होत्या, पण विषय मापांवर आला की ओरेस्ट खिडकीबाहेर पाहत होता.

"आज किती?" वॉल्टरने विचारलं.

"अठरा."

वॉल्टरने डोळे मिटून हिशेब केला. "साताने गुणलं की झालं. एकशे सव्वीस. विशीतल्या पोराचं बीपी आहे रे तुझं." त्याने सॉसेजची बशी ओरेस्टपुढे सरकवली.

ओरेस्टला खरा आकडा माहीत होता. साडेसातचा पाढा सोनियाने त्याच्याकडून रोज सकाळी म्हणवून घेतला होता. त्याने बशीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि एक तुकडा उचलला.

"हिशेबात तुझा हात कोणी धरणार नाही, वॉल्टर," तो म्हणाला.